हात धुतलेलं पाणी

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय सीतारामराव, उद्यापासून शाळेचा कारभार हातात घेणाऱ्या पाहुण्या जयलक्ष्मी टीचर, इथल्या मराठी सभेचे सेक्रेटरी गणेशकुमार सर, आज शाळेतनं निवृत्त होणाऱ्या, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या भागीरथीअक्का, पुढं बसलेली तंजावरची जुनी मराठी मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले आमचे गलाईवाले भाऊ, त्यांच्या घरच्या बायका, लेकरं, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझं नाव शालन. सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावची. चौथी झालेय मराठी शाळेत. मोठ्या माणसांसमोर उभं राहून बोलायची ही पहिली वेळ, त्यामुळं पाय कापायला लागलेत. टेबलाला कापड घातलंय ते बरं केलंत, दिसत नाही कुणाला.

गणेशकुमार सरांनी मला भाषण लिहून दिलंय. हा बघा कागद. बोली मराठी आणि अक्षरं तमिळ. इथल्या मराठी घरांत असंच लिहितात, आपली नागरी अक्षरं फार जणांना येत नाहीत. पाच वर्षांमागं हा कागद माझ्या हातात दिला असता तर मला त्यात मुंग्यांची रांग दिसली असती. आता वाचता येतो. पण सर, रागावू नका, यात ‘ज्ञानदीप’ तीनदा आलाय आणि अक्का एकदाच. म्हणून कागद घडी घालून ठेवते. पहिल्यापासून माझं माझंच सांगते. चुकलं तर तुमच्यावर येणार नाही.

अक्कांचा सत्कार आहे, त्यांच्याबद्दल बोलायचं. पण मला अक्कांचं सांगायचं तर आधी आमच्या घरातला केर सांगावा लागतो. हसू नका. खरंच केर.

आमचा धंदा गलाईचा. सोनार लोक जुनं सोनं, तुटकं सोनं, कामात खाली पडलेला चुरा घेऊन येतात. आमची माणसं ते भट्टीत वितळवतात, तेजाबात घालतात, भेसळ जळून जाते, चोख सोनं हातात येतं. तेजाब म्हणजे ॲसिड. आमच्या भागातली निम्मी गावं याच कामावर देशभर पांगलीत. नव्वद साली सोन्याचा जुना कायदा उठला आणि मग गावाकडून नुसती रीघ लागली. ज्याची मिशी फुटली नाही तोही मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात भट्टी फुंकायला गेला. कुणी विजयवाड्याला, कुणी मदुराईला. आमचे मालक तंजावरला आले, आणि एक्क्याण्णव साली लग्न करून मीही. सतरा वर्षांची होते.

पुढं दुकान, मागं आमची खोली. पहिल्याच दिवशी मी खोली झाडली आणि केर भरून दाराबाहेर टाकायला निघाले. हे भट्टीपाशनं ओरडत आले.

“आगं, केर कुठं टाकतीस? तुझ्या बापानं सोन्याची खाण काढलीय का?”

मी घाबरून उभीच. मग कळलं. गलाईच्या घरात केर टाकत नाहीत. सोन्याचे कण उडतात, जमिनीवर पडतात, कपड्यांना चिकटतात. म्हणून झाडलेला केर डब्यात भरायचा. पायपुसणं झटकायचं तेही डब्यात. आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत सोडायचं नाही, बादलीत धरायचं आणि पिंपात ओतायचं. वर्षाकाठी तो केर जाळतात, पिंपातला गाळ काढतात, त्यातनं सोनं निघतं.

आता आमच्या गल्लीत सकाळी प्रत्येक बाई अंगण धुते, पाणी रस्त्यावर सोडते, कोलम काढते. रांगोळीला इथं कोलम म्हणतात. आणि ही नवी सून एक थेंब बाहेर टाकत नाही. शेजारच्या बाया एकमेकींकडं बघायच्या. मला बोली कळत नव्हती, पण नाक मुरडलेलं कळायला बोली लागते का? दोन वर्षं मी त्या खोलीत तशीच काढली. मला तमिळ चार शब्द येत होते. तन्नी म्हणजे पाणी. सोरु म्हणजे भात. वा म्हणजे ये. आणि वेंडा, नको. चार शब्दांत माणूस जगू शकतं, बघा. पण लेकरू वाढवू शकत नाही.

नित्या अकरा महिन्यांची होती. धरून धरून उभी राहायला लागली होती. त्या दिवशी मालकांनी सोनं तेजाबातनं काढून धुतलं, हात धुतले, ते सगळं पाणी बादलीत धरलं. मी बादली उचलून पिंपात ओतायला निघाले. एवढ्यात पुढच्या दारात कुणीतरी हाक मारली. हे कोळसा आणायला गेले होते. मी बादली खाली ठेवली. खाली ठेवली, एवढीच माझी चूक. दारापर्यंत जाऊन आले तवर पोरगी बादलीच्या काठाला धरून उभी आणि तोंड आत.

ओठ पांढरे पडले होते. ती रडत होती पण आवाज येत नव्हता.

मी तिला उचललं आणि पळाले. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. तिथल्या बाईनं मला तमिळमध्ये विचारलं, काय झालं? एवढं कळलं मला. मी पोरीच्या तोंडाकडं बोट केलं आणि सांगितलं, “तन्नी.” ती परत काहीतरी म्हणाली. मी परत, “तन्नी, तन्नी.” पाणी प्यायलं लेकरू. तिला काय वाटणार? तिनं बाकाकडं हात केला, बस म्हणाली. पुढं तीस माणसं.

ते पाणी कसलं आहे हे मला माहीत होतं. जगात त्या घडीला मला एकटीलाच माहीत होतं. आणि सांगायला तोंडात शब्द नव्हता. अध्यक्ष महाराज, मी पुष्कळ गोष्टींना भिते. विहिरीला भिते, पोलिसाला भिते, आज या माइकलाही भितेय. पण त्या बाकावर जी भीती बसली होती तिच्यापुढं ह्या सगळ्या काहीच नाहीत.

मी मराठीतनं बडबडत होते. कुणाला ऐकवायला नव्हे, अशीच. तेजाब पिलं गं लेकरानं, तेजाब पिलं. आणि रांगेतनं एक बाई वळली. कॉटनची मोठ्या काठाची साडी, हातात सासऱ्यांच्या औषधाची चिठ्ठी. म्हणाली,

“काय होतें गे? कोठली तूं? लेंकरूं काय प्यालें?”

मला वाटलं देवळातली पोथी बोलायला लागली. इतकी जुनी मराठी मी माझ्या पणजीच्या तोंडूनही ऐकली नव्हती. पण मराठी होती!

मी सांगितलं. अक्कांनी चिठ्ठी तिथंच टाकली, पोरगी माझ्या हातातनं घेतली आणि रांग मोडून थेट आत गेल्या. एकच शब्द ओरडल्या. त्या एका शब्दावर चार माणसं उठली. आत काय केलं, किती वेळ लागला ते मला नीट आठवत नाही. नित्या नऊ दिवस तिथं होती. वाचली. ती बघा, दुसऱ्या रांगेत. नित्या, खुर्चीवर पाय नको, बाळा. तिचा आवाज अजून घोगरा आहे. शाळेतली पोरं तिला चिडवतील, चिडवू देत. मला तो आवाज सगळ्यात गोड लागतो.

दवाखान्यातनं निघताना मी अक्कांच्या पाया पडले. म्हणलं, तुमचे उपकार कसे फेडू? त्या म्हणाल्या, “पायां पडूं नको. मी ओरडलें तो शब्द कोणता होता, सांग.” मला सांगता येईना. “अमिलम,” म्हणाल्या. “तेजाबास अमिलम म्हणतात. म्हण.” मी म्हणलं. “अणखी म्हण.” त्यांनी रिक्षा येईपर्यंत मला दहा वेळा म्हणायला लावलं. लोक बघत होते. मला लाज वाटत होती. आता कळतं, तो माझा शाळेचा पहिला दिवस होता.

पुढच्या आठवड्यात अक्का घरी आल्या. पिंप बघितलं, केराचा डबा बघितला, हे काय म्हणून विचारलं. मालकांनी मोठ्या कौतुकानं सगळं समजावून सांगितलं. आमच्यात कण वाया जाऊ देत नाही अक्का, हात धुतलेलं पाणीसुद्धा सांडत नाही. अक्का ऐकत होत्या. मग माझ्याकडं बोट केलं.

“हात धुतलेलें पाणी सांडीत नाहीं म्हणतोस. आणि हिचीं वर्षें? दोन वर्षें या खोलींत सांडलीं, तीं कोणत्या पिंपांत धरलींस?”

मालक हसले. आणि भट्टी फुंकायला बसले.

अक्का इथल्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांचं म्हणणं असं होतं की शाळा चारला सुटते, पहिलीचा वर्ग मोकळा असतो, मी एक तास येऊन बसायचं. अक्षरं शिकायची. घरी तो विषय निघाला की हे म्हणायचे, “बायामाणसानं शिकून काय भट्टी लावायचीय? आणि लोक काय म्हणतील, गलाईवाल्याची बायको पहिलीत बसलीय.” वाईट बोलत नव्हते. त्यांनाही भीतीच होती. परक्या गावात माणूस घराचं दार जेवढं लावून घेईल तेवढं त्याला बरं वाटतं.

पण माझं काम केलं पावसानं आणि नटराज आसारींनी. आसारी म्हणजे सोनार. नटराज आसारी इथं आलेत, उजव्या बाजूला बसलेत, मला मराठीत हसताना दिसतायत.

झालं काय, आमच्या मालकांना तमिळ लिहिता येत नव्हतं. पाच-सहा सोनारांच्या पुड्या एका वेळी येतात, कुठली कुणाची कळणार कशी? मग ते पुडीवर चित्र काढायचे. जाड्या सोनाराच्या पुडीवर भोपळा. मिशीवाल्याच्या पुडीवर मिशी. नटराज आसारी नेहमी काळी छत्री घेऊन यायचे, कडक उन्हातसुद्धा. त्यांच्या पुडीवर छत्री. दोन वर्षं हा कारभार बिनचूक चालला. मग एके दिवशी ऐप्पसीचा पाऊस लागला. दिवाळीच्या महिन्याला इथं ऐप्पसी म्हणतात, आणि तेव्हा पडायला लागला की तो थांबत नाही. त्या दिवशी जो सोनार आला तो छत्री घेऊनच आला. नवा एक पापनाशमवरनं आला होता, त्याचं नाव विचारायची पंचाईत, तर ह्यांनी त्याच्याही पुडीवर छत्री काढली. संध्याकाळी याचं सोनं त्याला आणि त्याचं याला.

आसारी दारात उभे राहून एवढे बोलले, एवढे बोलले! शेवटी ह्यांनी पुडी समोर धरली. आसारींनी पुडीवरची छत्री बघितली. मग स्वतःच्या छत्रीकडं बघितलं. मग हसायला लागले ते थांबेचनात. पापनाशमला जाऊन अदलाबदल झाली, कुणाचं काही गेलं नाही. पण रात्री जेवताना हे म्हणाले, “त्या अक्काला म्हणावं, उद्यापासनं येती म्हणून.”

दुसऱ्या दिवशी नित्याला कडेवर घेऊन मी पहिलीच्या बाकावर बसले. बाक एवढासा, गुडघे माझ्या हनुवटीला. भिंतीवर अक्षरांची चित्रं. पहिलं अक्षर अ, त्याच्याखाली आई आणि लेकरू, अम्मा. अक्कांनी त्या चित्रावर पट्टी ठेवली आणि फळ्यावर लिहिलं, अमिलम. म्हणाल्या, “तुझें अ हें. अम्मा मागाहून.” दुकानातल्या कॅनवर ते नाव रोज दिसत होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी कॅनसमोर उभी राहिले आणि वाचलं. एक एक अक्षर बोट ठेवून. मग ओरडून वाचलं. मालक धावत आले, त्यांना वाटलं परत काय झालं.

त्यानंतर आमच्या खोलीत पिंपाला झाकण आलं. झाकणावर मी दोन्ही भाषांत लिहिलं. मग शेजारच्या गलाईवाल्यानं लिहून मागितलं. आता तंजावरातल्या आमच्या बावीस दुकानांत तेजाबाच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर माझं अक्षर आहे. वाकडं आहे, पण आहे.

मी एकटी शिकले, एवढ्यावर दुसरं कुणी थांबलं असतं. पण त्यांनी विचारलं, “त्या भट्ट्यांवरचे पोरगे? ते काय करून आहेत?” आमची पोरं पंधरा-सोळा वर्षांची, गावाकडं सातवी-आठवीतनं उठवून आणलेली. दिवसभर धूर आणि तेजाबाची वाफ. अक्का स्वतः दुकानोदुकानी गेल्या. मालक लोक म्हणायचे, पोरं शिकली की पळून जातील. अक्का म्हणायच्या, “शिकलीं नाहींत तर खोकत जातील. कोणतें बरें?” एवढं तोंडावर कोण बोलतं? पहिल्या वर्षी दोन पोरं आली. यंदा अठरा आहेत. मागं उभी आहेत बघा, भांग पाडून. त्यातला शिवराज इथनंच बाहेरून दहावी झाला. सोन्याची पारख हातात होतीच. आता ओरत्तनाडूला बँकेत तारणाचं सोनं पारखायला बसतो. परवा मला सांगत होता, वहिनी, माझ्या डोक्यावर पंखा आहे. मी म्हणलं, पगार किती? म्हणाला, पगाराचं नंतर, आधी पंख्याचं ऐका.

मी आठवीची परीक्षा बाहेरून दिली. पहिल्यांदा नापास. अक्कांनी नुसतं पुस्तक परत हातात दिलं. दुसऱ्यांदा पास. आता दुकानात पुढं मी बसते. पुडीवर नाव लिहिते, गाव लिहिते, सोनार काय म्हणतो ते मालकांना सांगते, मालक काय म्हणतात ते सोनाराला. छत्र्या बंद झाल्या. नटराज आसारी म्हणतात, माझ्या पुडीवर छत्रीच काढत जा, सवय झालीय. त्यांच्या पुडीवर मी नाव लिहून खाली छोटी छत्री काढते.

आता खरं म्हणजे इथंच थांबायचं आणि आभार मानायचे. सरांच्या कागदात पण इथंच संपतं. पण एक गोष्ट राहिलीय, ती बोलायला मी इथं उभी राहिले. नाहीतर अक्कांनी किती आग्रह केला असता तरी मी या माइकपाशी आले नसते.

पुढच्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्यात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गेल्या आठवड्यात त्या गावाकडनं आल्या. नित्याला न्यायला. आमच्या गलाईवाल्यांत अशीच रीत आहे. लेकरू शाळेच्या वयाचं झालं की गावाला आजीआजोबांकडं ठेवायचं. आईबाप परमुलखात, लेकरू गावात. वर्षातनं एकदा दिवाळीला नाहीतर जत्रेला भेट. सगळे करतात. वाईट म्हणून कुणी करत नाही. इथली शाळा तमिळ, आईबापाला कळत नाही, घरात विषारी वाफा. लेकराचं भलं म्हणूनच करतात. परवाच्या गाडीची तिकिटं काढलीत. आत्याबाईंचं पूर्ण, नित्याचं अर्धं. आमच्या कॅलेंडरच्या मागं टाचणीनं लावलीत. मी रोज तिकडं बघते.

आत्याबाई, परवा दुपारी आपण तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा तुम्ही मला एक सांगितलंत. ते चारचौघांत बोलले म्हणून राग धरू नका. तुम्ही आणि मामंजी विजयवाड्याला होता. ह्यांना सहाव्या वर्षी गावाला ठेवलं, तुमच्या सासूबाईंपाशी. त्यांना हे थोरल्याआई म्हणायचे. तुम्ही सांगितलंत की आता ह्या आठ दिवसांत ह्यांचा हात भट्टीला भाजला, तर हे “थोरल्याआई गं” म्हणून ओरडले. तुम्ही शेजारच्याच खोलीत होता. तुम्ही म्हणालात, “मी उठलेच न्हाई बघ, शालन. म्हणलं, मला कुठं बोलावतोय?” आणि तांदूळ निवडत राहिलात.

मी तेव्हा सूप उचलून आत गेले. तुमच्यासमोर घरात मी पाच वाक्यं सलग बोलले नाही कधी. म्हणून इथं बोलते. इथं पुढं टेबल आहे आणि बाजूला अक्का आहेत.

आत्याबाई, मी नित्याचं नाव इथल्या शाळेत घातलंय. पहिलीत. या सोमवारी. फॉर्म तमिळमध्ये होता, तो मी भरला. आईचं नाव, बापाचं नाव, गाव, घरात बोलायची भाषा. शेवटी पालकाची सही. सही मी केली. कारभार समजून घ्यायला ऑफिसात बसलेल्या जयलक्ष्मी टीचरनी फॉर्म बघून विचारलं होतं, हे कुणी भरून दिलं? मी म्हणलं, मीच. त्यांनी परत एकदा बघितलं आणि शिक्का मारला. नित्याच्या पप्पांना माहितीये. त्यांनी काही नको म्हणलं नाही. म्हणाले, “आईला तू सांग, मी भट्टीपाशी बसतो.” ते बघा, आत्ताही मान खाली घालून बसलेत. इथं भट्टी नाही तरी.

मी भांडायला उभी नाही. मी भिते तुम्हाला, अजून. पण आपण केर टाकत नाही, आत्याबाई. हात धुतलेलं पाणी टाकत नाही. एक कण जाऊ देत नाही. आणि लेकराची दहा वर्षं दोन दिवसांच्या गाडीच्या वाटेवर ठेवून येतो. ती कुठल्या पिंपात परत मिळतात? तुम्हाला मिळाली?

तिला इथं ठेवलं तर अभ्यास कोण घेणार, हे तुम्ही विचाराल. मी घेईन, आठवीपर्यंत तर येतं. वाफेचं विचाराल. भट्टी आम्ही मागच्या शेडमध्ये हलवतोय, मालकांनी कबूल केलंय, आत्ता सगळ्यांसमोर सांगते म्हणजे मागं फिरता येणार नाही. मराठी विसरेल म्हणाल. अध्यक्ष महाराजांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून विसरली नाहीत, तर माझी पोरगी एका पिढीत कशी विसरेल? आणि विसरायला नको असेल तर एक उपाय आहे. तुम्ही राहा. परत जाऊ नका. जूनमध्ये तिला शाळेत सोडायला मी एका हाताला, तुम्ही एका हाताला. ह्यांना सोडायला तुम्हाला मिळालं नव्हतं.

तिकिटं दोन्ही परत करू.

काय म्हणता, आत्याबाई? मोठ्यानं बोला, पंख्याचा आवाज आहे.

त्या म्हणतायत, तिकीट परत केलं की पैसे कापून घेतात.

कापू देत, आत्याबाई. कापू देत.

अक्का, तुम्ही डोळे पुसू नका, अजून सत्कार व्हायचाय. माझं झालंच.

अक्का आता बेंगळूरला लेकाकडं, मुरलीकृष्णदादांकडं, राहायला जाणार. त्यांच्या घरी सून आहे, नातू आहे, लिफ्ट आहे म्हणतात. चारला शाळा सुटल्यावर तिथं तुम्ही काय कराल, अक्का? पोराटोरांना पकडून फळ्यापुढं बसवाल, दुसरं काय. इथली काळजी करू नका. चारच्या तासाला मी येईन आणि शिवराज शनिवारी येईल. जयलक्ष्मी टीचर, तेवढी वर्गाची चावी आम्हाला देत जा.

तुम्हाला शाल, श्रीफळ सभेतर्फे अध्यक्ष देतीलच. गलाईवाल्यांकडनं ही छोटी डबी आहे. वर्षभर बावीस दुकानांनी आपापल्या केरातला एक एक डबा बाजूला काढून ठेवला. पिंपांच्या तळचा थोडा थोडा गाळ. पोरांनी तो जाळला, गाळला, शुद्ध केला. आतला मणी त्यातनं निघालाय. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे, मोठा नाही. पण त्यातला कण कण लोकांनी टाकून दिला असता असा आहे. घडवला नटराज आसारींनी आणि मजुरी विचारली तर छत्री उगारली. आता हा मणी अक्कांच्या हातात नित्या देईल. ये गं. पळू नको. आत्याबाई, जरा तिच्याबरोबर येता का? पायरी उंच आहे.

हां. दोघी आल्या.

अध्यक्षांनी एवढा वेळ बोलू दिलं, एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही, त्यांचे आभार. गणेशकुमार सर, तुमचा कागद मी जपून ठेवीन, त्यातलं ज्ञानदीप नित्याला मोठी झाल्यावर वाचायला देईन. जयलक्ष्मी टीचर, तुम्हाला माझं एक अक्षर कळलं नसेल तरी शेवटपर्यंत माझ्याकडं बघत राहिलात, तुमचे आभार. तुम्हा सगळ्यांचे आभार.

मी शिकलेली थोडी आणि बोलले जास्त. मोठ्यांच्या पुढं शब्द वरखाली झाला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, घरातलं बाहेर बोलले असेन, तर आपली लेक समजून पदरात घ्या. सगळ्या चुकांची माफी मागते. फक्त सोमवारी केलेली ती सही त्यात धरू नका. ती मी वाचून केलीय.

नमस्कार.